जयवंत दळवींचं कुठलं नाटक घ्यावं? आणि दळवी म्हणजे फक्त रडवणारी नाटकं का?

बार्देसकार

नमस्कार सगळ्यांना. आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी नाटक असतं, गावचीच माणसं मिळून बसवतो, बहुतेक ऐतिहासिक नाहीतर संगीत, मधूनमधून एखादं विनोदी. यंदा मी मीटिंगमध्ये जयवंत दळवींचं नाव काढलं. माणूस हडफड्याला जन्मलेला, १४ ऑगस्ट १९२५, म्हणजे गोव्यात आमच्या बार्देस तालुक्यातलाच, आणि त्यांचं गाव आरवली म्हणजे तेरेखोल ओलांडून थोडं पुढं गेलं की आलंच, तरी त्यांचं एकही नाटक आमच्या मंडपात कधी झालेलं नाही, हे मला फार लागतं. पण मोठ्या माणसांनी लगेच नाकं मुरडली. एकजण म्हणाला, दळवी म्हणजे ते म्हातारा-म्हातारी गोळ्या खाऊन मरतात तेच ना, उत्सवाला कोण येणार रडायला. विषय तिथंच पडला.

मी स्वतः संध्याछाया आणि पुरुष वाचलंय, बाकीच्यांबद्दल नुसतं ऐकून आहे. तर पुढच्या मीटिंगच्या आधी मला दोन गोष्टी हव्यात. एक, दळवींनी नाटकात नेमकं काय काय केलंय, म्हणजे खरंच सगळं एकाच सुराचं आहे का. दुसरी, आमच्यासारख्यांना झेपेल असं कुठलं? आमच्याकडे स्टेज उघड्यावर, सेट एकच लावता येतो, माईक वरून टांगलेले, बायका अभिनयाला तीनच मिळतात आणि पालखी आत गेल्याशिवाय पडदा वर जात नाही म्हणजे अकरा तरी वाजतात. जाणकारांनी सांगावं.

पेडण्याचो रंगकर्मी

बार्देसकारबाब, तुम्ही विषय काढलात ते फार बरं केलंत, यावर मला खूप दिवसांपासून लिहायचं होतं त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट कमिटीला ही सांगा की दळवी नाटकाकडे उशिरा आले, जवळजवळ पन्नाशीला टेकले तेव्हा. त्याआधी ते कथा-कादंबरीवाले म्हणून आणि त्याहून जास्त विनोदी लेखक म्हणून माहीत होते. ललित मासिकात ठणठणपाळ या नावानं वर्षानुवर्षं सदर लिहिलं, मोठमोठ्या साहित्यिकांची टोपी उडवली आणि ज्यांची उडवली तेच पुढचा अंक आला की आधी ते पान उघडायचे. आरवलीच्या माणसांवरचं सारे प्रवासी घडीचे हे पुस्तक तर पेडण्यातल्या आमच्या पिढीनं अक्षरशः आपल्याच वाड्याचं म्हणून वाचलंय. आणि हाच माणूस चक्र लिहितो, मुंबईच्या झोपडपट्टीवरची कादंबरी, जिच्यावर १९८१ साली स्मिता पाटीलचा सिनेमा आला. म्हणजे हसवणं आणि अंगावर येणं दोन्ही एका हातात आधीपासून होतं, नाटकात ते एकत्र आलं एवढंच.

आता नाटकं बघा. संध्याछाया तुम्ही वाचलंय, नाना-नानी, थोरला मुलगा अमेरिकेत आणि धाकटा सैन्यात, घरात दोघंच. मग बॅरिस्टर, ते अंधाराच्या पारंब्या या त्यांच्याच कादंबरीवरून आलं, जुना काळ, मोठं घर, विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर आणि शेजारी तरुणपणी विधवा झालेली राधाक्का, तिच्या केशवपनाचा प्रश्न, आणि त्याच्या घराण्यात वेड आहे ही त्याला सतत पोखरणारी भीती. सूर्यास्तमध्ये वेगळंच, तिथं स्वातंत्र्यलढ्यात आयुष्य घातलेले गांधीवादी आप्पाजी आणि त्यांचा मुख्यमंत्री झालेला मुलगा, बापलेकाचं भांडण म्हणजे अख्ख्या देशाच्या दोन पिढ्यांचं भांडण. महासागर परत मध्यमवर्गीय घरात येतं पण ते माणसाच्या वासनेवर आणि मनाच्या आजारावर आहे, तेही आधी कादंबरी होती. पुरुषमध्ये गुलाबराव नावाचा पुढारी शिक्षिकेवर बलात्कार करतो आणि शेवटी ती त्याचं पुरुषत्वच छाटून सूड घेते ते तुम्हाला माहीतच आहे. नातीगोतीमध्ये मतिमंद मुलगा वयात येतो आणि आईबाप आतून तुटत जातात. कालचक्रमध्ये म्हातारं जोडपं चक्क आम्हाला दत्तक घ्या म्हणून जाहिरात देतं.

ही सगळी एकाच सुराची? म्हातारपण, वैधव्य, राजकारण, वासना, वेड, अपंग मूल. मराठीत एकाच नाटककारानं वीसेक वर्षांत एवढ्या वेगवेगळ्या घरांत शिरून दाखवलंय अशी नावं फार थोडी निघतील.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संध्याछाया आणि कालचक्र दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. विषय तोच, म्हातारे आईबाप आणि मुलं. पण पहिल्यात मुलं वाईट नाहीत, ती फक्त लांब आहेत, कुणाला दोष देताच येत नाही म्हणून ते जास्त दुखतं. दुसऱ्यात मुलं त्याच शहरात आहेत आणि आईबाप नकोसे झालेत, आणि ते दोघं रडत न बसता बाहेर पडून दुसरं घर शोधतात. एकाच प्रश्नाला नाटककारानं काही वर्षांनी परत हात घातला आणि उलट्या बाजूनं घातला. ज्याला रडवायचंच असतं तो पहिलंच नाटक परत परत लिहीत बसला असता, तशा प्रेक्षकांची काय कमी होती का.

फोंड्याची सुलू

रंगकर्मीदादा, सगळं पटलं, एक जोडते. संध्याछाया स्टेजवर आणलं ते दि गोवा हिंदु असोसिएशननं, म्हणजे आपल्याच माणसांनी मुंबईत १९१९ साली काढलेली संस्था, नटसम्राटही त्यांचंच. विजया मेहतांनी दिग्दर्शन केलं आणि नानी स्वतः केली, नाना म्हणजे माधव वाटवे. आणि याच संस्थेचं आमच्या बांदोड्याला स्नेहमंदिर आहे, वृद्धांसाठी. ते नाटक करणाऱ्या संस्थेनंच म्हाताऱ्या माणसांसाठी घर चालवावं, हे मला तरी खूप मोठं वाटतं. कमिटीला हे नक्की सांगा, आपला संबंध नुसता जन्मगावापुरता नाही.

आणि आज गोव्यात संध्याछाया कुणाला परकं वाटणार आहे सांगा. प्रत्येक वाड्यावर एक तरी घर आहे जिथं मुलगा गल्फला नाहीतर बोटीवर, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट करून लंडनला आणि इकडे आईबाप संध्याकाळी दारात बसून फोनची वाट बघतायत. दळवींनी लिहिलं तेव्हा अमेरिका फक्त मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या घरांना होती, आता ती आमच्या गावागावात आलीय.

काणकोणकार

मी जरा उलटं बोलतो, राग नसावा. दळवी मोठेच, वाद नाही, पण त्यांचं प्रत्येक नाटक शेवटाकडे येताना एकदम टोकाला जातं. आत्महत्या, वेड, पुरुषमधला तो सूड. वाचताना ठीक आहे पण प्रयोगात प्रेक्षकाला आधीचं सगळं विसरायला होतं आणि बाहेर पडताना फक्त शेवटाचीच चर्चा. पुरुषचं तर असंच झालं, लोक नाना पाटेकरचा गुलाबराव आणि तो शेवट एवढंच सांगतात. त्या नाटकात अंबिकेचे गांधीवादी वडील आहेत, तिचा दलित चळवळीतला मित्र सिद्धार्थ आहे, बलात्कारानंतर प्रत्येकजण कसा कसा बदलतो ते खरं नाटक आहे, पण ते कुणाला आठवत नाही. मग दोष प्रेक्षकाचाच का, थोडा लेखनाचाही असेल ना?

फोंड्याची सुलू

काणकोणकारबाब, तुमचा मुद्दा मला पटतोय अर्धा. शेवट भडक आहे हे मान्य. पण बाई म्हणून सांगते, अंबिकेनं काय करावं असं तुम्हाला वाटतं? कोर्टात हरली, घर मोडलं, ज्याच्यावर भरवसा होता तोही उरला नाही. दळवींनी तिला एकेक दार बंद होताना दाखवलंय आणि मग ती ते करते. शेवट सुटा काढून बघितला तर भडक, सगळी दारं बंद झालेली बघून आलात तर तो एकच रस्ता दिसतो. प्रयोग करणाऱ्यांनी मधला भाग घाईत उरकला तर मात्र तुम्ही म्हणता तसंच होणार.

राधाक्काचंही तेच. बॅरिस्टर सुधारक आहे, बोलतो छान, इंग्रजी रीतभात, पण वेळ आली की त्याचे पाय अडतात. ते पात्र वाईट नाही म्हणून जास्त राग येतो. मुंबईच्या प्रयोगात विक्रम गोखले बॅरिस्टर, सुहास जोशी राधाक्का आणि विजया मेहता मावशी, आमच्या घरी मोठी माणसं अजून त्या प्रयोगाबद्दल बोलतात. मावशी स्वतः सोवळी, तिचं आयुष्य तसंच गेलं, आणि तीच दुसऱ्या मुलीचं तेच होताना बघते. तीन ओळींची भूमिका वाटेल पण सगळ्या नाटकाचं ओझं तिच्यावर आहे. याच नाटकावरून पुढे रावसाहेब हा हिंदी सिनेमा झाला आणि मावशीच्या कामासाठी विजयाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणून बार्देसकारबाब, बायका तीनच आहेत याचं टेन्शन घेऊ नका. दळवींकडे बायका थोड्या असतात पण ज्या असतात त्यांना काम भरपूर असतं. आमच्याकडे उत्सवाच्या नाटकात बाईला एकतर ओवाळायला उभं करतात नाहीतर रडायला, दळवींची कुठलीही बाई घ्या, तिला स्वतःचं डोकं आहे.

मडगावचो मास्तर

नातीगोतीबद्दल कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो. मी शाळेत शिकवतो, आणि माझ्या वाड्यावर तसा मतिमंद मुलगा आहे, आता मोठा झालाय, आई थकलीय. दिलीप प्रभावळकर आणि स्वाती चिटणीस यांनी आईबाप केले होते आणि अतुल परचुरेनं बच्चू. त्या नाटकात दळवींनी जे लिहिलं ते कुणी उघडपणे बोलत नाही. मुलगा लहान असेपर्यंत सगळे कौतुकानं आणि कीव करून वागतात पण त्याचं शरीर मोठं होतं, त्याला ताकद येते, इच्छा येतात, तेव्हा आईबापाच्या मनात कसले कसले विचार येतात आणि त्या विचारांचीच त्यांना लाज वाटते. प्रेम आहे आणि तरी हे सुटावं असं वाटतं, दोन्ही एकाच वेळी. आईबापाला कुठंही खलनायक केलेलं नाही.

हे नाटक उत्सवात करा असं मी म्हणणार नाही. पण रवींद्र भवनसारख्या बंद हॉलमध्ये कुणीतरी करायलाच हवं आणि अशा मुलांच्या पालकांना मुद्दाम बोलवायला हवं.

बार्देसकार

सगळ्यांचं मनापासून देव बरें करूं. सुलूताईंचं ते स्नेहमंदिरचं मला अजिबात माहीत नव्हतं, मीटिंगमध्ये ते पहिल्यांदा सांगणार. आता मला संध्याछायाच करावंसं वाटायला लागलंय पण आमच्या कमिटीची भीती पूर्ण खोटी नाही हेही खरं, उत्सवाचं वातावरण वेगळं असतं. रंगकर्मीबाब, उघड्या स्टेजचं काय करायचं ते सांगा ना.

पेडण्याचो रंगकर्मी

हो, तेच सांगायचं राहिलं आणि खरं काम तिथंच आहे.

उत्सवात मंडपाच्या मागे खाजें-लाडूची दुकानं, फुगे, पोरं धावतात, जनरेटर चालू. प्रेक्षक नाटकाला आलेला असतो तसाच तो गावाला भेटायलाही आलेला असतो. अशा ठिकाणी ज्या नाटकाचा जीव गप्प बसण्यात आहे ते मार खातं. संध्याछायामध्ये नाना-नानी न बोलता नुसते बसलेले असतात त्या जागा सगळ्यात महत्त्वाच्या आणि वरच्या टांगलेल्या माईकला गप्प बसणं ऐकू येत नाही, त्याला पंख्याचा आवाज आणि मागच्या पोरांचं रडणं ऐकू येतं. दहा मिनिटांत शेवटच्या रांगा बोलायला लागतात आणि मग पुढच्यांचंही लक्ष जातं. म्हणून माझं मत, उत्सवाला सूर्यास्त घ्या.

कारण ते भांडणाचं नाटक आहे. समोरासमोर उभं राहून मोठ्या आवाजात वाद होतो, मुद्दे स्पष्ट आहेत, टाळ्या पडतील अशी वाक्यं आहेत आणि विषय राजकारणाचा, गोव्यातल्या माणसाला राजकारण समजावून सांगावं लागत नाही. मधे कुणी चहा प्यायला उठला आणि परत आला तरी धागा सापडतो. आप्पाजी निळू फुल्यांनी केले होते, सिनेमात पाटील-पुढारी करणारा नट इथं गांधीवादी म्हातारा करतो आणि लोक मान खाली घालून ऐकतात. तुमच्याकडे साठीच्या पुढचा आवाज असलेला एक नट असेल, जुन्या संगीत नाटकात काम केलेला, तर आप्पाजी त्याला द्या. दाढी-टोपीनं गांधीवादी करू नका, उभं राहण्यातून करा.

आणि संध्याछाया सोडू नका, ते कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी ठेवा, नाहीतर म्हापशाच्या हनुमान नाट्यगृहात करा. तिथं शांतता मिळते. एकच सेट, एक दिवाणखाना, खर्च कमी. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पहिला अंक हसरा ठेवायचा. नाना-नानी एकमेकांना चिडवतात, बारीकसारीक गोष्टींवरून कुरबुरतात, आल्या-गेल्याला धरून बसवतात कारण बोलायला माणूस हवं असतं. लोकांना तिथं हसू आलंच पाहिजे. आमच्याकडे नट काय करतात, शेवट माहीत असल्यामुळे पडदा उघडल्यापासून गळा दाटून बोलतात, चालताना कमरेत वाकतात, प्रत्येक वाक्यानंतर उसासा. मग शेवटी प्रेक्षकाकडे रडायला काही शिल्लक राहत नाही. ठणठणपाळ ज्यानं लिहिला त्याच माणसानं हे नाटक लिहिलंय हे विसरून ते करता येत नाही. तुमच्या कमिटीतल्या त्या माणसानं दळवी रडके म्हटलं ना, त्यानं नक्की असाच एखादा प्रयोग बघितला असणार.

काणकोणकार

हे वाचून माझंही मत थोडं हललं. सूर्यास्तला माझा पाठिंबा. त्यात शेवटापेक्षा मधला वाद मोठा आहे, म्हणून मला ते त्यांच्या सगळ्या नाटकांत जास्त आवडतं.

फक्त एक सांभाळा, आत्ताच्या कुठल्या मंत्र्याची नक्कल करायचा मोह होईल, हातवारे, बोलायची ढब, लोक हसतील पण नाटक तिथंच संपेल. मुख्यमंत्री मुलगासुद्धा माणूस आहे, बापाविषयी त्याच्या मनात आदर आहे, तो आदर दिसला तरच भांडण खरं वाटेल.

बार्देसकार

ठरलं. मीटिंगमध्ये सूर्यास्तचं वाचन ठेवतो, सगळ्यांना बसवून पूर्ण वाचायचं, मग ज्यांना नको म्हणायचंय त्यांनी म्हणावं. संध्याछाया स्पर्धेसाठी मनात धरून ठेवलंय, नानीसाठी गावात एक काकी आहेत ज्यांनी लग्नाआधी खूप नाटकं केली आणि नंतर सोडलं, त्यांना विचारायचं धाडस करतो.

शेवटचा एक प्रश्न, परवानगी लागते का? आमच्याकडे आतापर्यंत जुनीच नाटकं केल्यामुळे कधी विचार केला नाही.

फोंड्याची सुलू

एरवी लागते, आणि कृपया घ्याच. दळवी १६ सप्टेंबर १९९४ ला गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात म्हणजे २०५४ संपेपर्यंत. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, तरी विचारून केलेलं बरं. नाटकाचं पुस्तक उघडलं की सुरुवातीच्याच पानावर प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते छापलेलं असतं, जुनी आवृत्ती असेल तर प्रकाशकाला फोन करून आत्ताचा पत्ता घ्या. उत्सवाचा हौशी प्रयोग आहे, तिकीट नाही, असं स्पष्ट लिहा. जे मानधन सांगतील ते खर्चाच्या यादीत सगळ्यात वर धरा, मंडप आणि लाईटच्या आधी. आणि संहितेत काही कापायचं असेल, कारण अकराला सुरू करून अख्खं नाटक उरकायचं म्हणजे कापावं लागणारच, तर तेही त्याच पत्रात विचारा. काकींना विचारायला जाल तेव्हा हातात पुस्तक घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका, पहिला अंक वाचला की त्या नाही म्हणणार नाहीत.